बंपरावरची विभूती

शांतलिंगाला कुणी ड्रायव्हर म्हटलं की त्याचं टाळकं सरकायचं. "ड्रायव्हर न्हाय, गाडीवान म्हणा," असं तो भर बाजारात ऐकवायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून त्यानं धाराशिवच्या कल्याणप्पा आडत्यांची बैलगाडी हाकली. पुढं कल्याणप्पांनी सोलापुरातून एक जुनी फोर्ड मोटार आणली. तिच्याबरोबर आलेला चालक महिनाभर मिजास दाखवून निघून गेला, तेव्हा मालकांनी शांतलिंगाला बोलावलं आणि म्हणाले, "बैल हाकतोस, आता हिला हाक." त्यानं हाकली. फक्त जनावराशी बोलायची खोड काही सुटली नाही. चढणीला तो मोटारीला चुचकारायचा आणि चढण सरली की दाराबाहेर हात काढून तिच्या अंगावर थोपटायचा. बाजारातली टवाळ पोरं हसायची. हसू द्या मेल्यांना, त्यांच्या बापजाद्यांनी कधी मोटारीला हात लावला होता?

ही मोटार मालकांच्या दारात राहत नसे. मालकांची गल्ली इतकी अरुंद, की समोरून म्हैस आली तर माणसानं भिंतीला चिकटून उभं राहावं. म्हणून मोटार शांतलिंगाच्याच अंगणात, पत्र्याच्या छपराखाली असायची. घरात त्याची बायको इरम्मा आणि थोरली विधवा बहीण शिवम्मा. शिवम्मा तोंडानं फटकळ आणि देवधर्माला कडक. दर सोमवारी आंघोळ झाली, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाली, की हातातली विभूती घेऊन ती घरभर फिरायची. उंबऱ्याला तीन बोटं ओढायची, जात्याला तीन बोटं, चुलीला तीन बोटं. मोटार आल्यापासून तिच्या बंपरालाही तीन बोटं. "आपलं पोट भरती नव्हं ही? मग हिलाच का न्हाय?" असं तिचं म्हणणं. मालकही तसेच भाविक. मोटारीत बसण्याआधी वाकून त्या विभूतीला बोटं लावायची, ती कपाळावर ओढायची, गुलबर्ग्याच्या शरणबसप्पाचं नाव घ्यायचं आणि मगच पाय आत टाकायचा. हे इतकं नेहमीचं झालं होतं, की कुणाचं तिकडं लक्षही जात नसे.

एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं ते त्या तीन बोटांपायी.

सन चव्वेचाळीस, लढाईचे दिवस. पेट्रोल कुपनावर, घासलेटला रांगा, आणि धान्य मोगलाईबाहेर न्यायला सक्त मनाई. येडशीच्या पुढं निजामाची हद्द संपून बार्शीकडचा इंग्रजी मुलूख लागायचा. तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता आणि रस्त्यावर लाल-पांढरा रंग दिलेला आडवा वासा. जोंधळ्याचं एक पोतं जरी पलीकडं नेताना सापडलं, तरी माणूस हवालातीत आणि दुकानाला सील. आडत्यांची तर पाचावर धारण बसलेली.

होळी झाली आणि कल्याणप्पा शरणबसप्पाच्या जत्रेला गुलबर्ग्याला गेले. पेट्रोल जपून वापरायचं म्हणून ते सर्व्हिस मोटारीनं सोलापूरला आणि तिथून आगगाडीनं. त्याच आठवड्यात शांतलिंगाची एकुलती एक लेक शिवगंगा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जावई बिदरकडं नोकरीला. पहिलटकरणीची सगळी जबाबदारी माहेरावर, हे काय सांगायला हवं?

शुक्रवारी सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण सिताबाई घाम पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "शांतलिंगा, बाळ आडवं हाय. हे माझ्या हातचं न्हाय. दवाखाना गाठ." धाराशिवचे डॉक्टर गावाला गेलेले. येडशीहून बार्शीला जाणारी छोटी आगगाडी केव्हाच निघून गेलेली. शांतलिंगानं मालकांच्या मोटारीकडं पाहिलं. परवानगी विचारायला मालक नव्हते. त्यानं मागच्या गादीवर वाकळ टाकली, लेकीला उचलून निजवलं, इरम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मोटारीचे पडदे सोडले आणि तोंडाला धुळीसाठी रुमाल बांधून तो निघाला.

नाक्यावर वासा आडवा. शिपाई नवा.

"मुन्शी जेवाया गेल्यात. त्यांची चिठ्ठी असल्याबिगर वासा उचलायचा हुकूम न्हाय."

"आरं बाबा, आत माझी लेक अडलीय! जीव चाललाय तिचा!"

"सगळेच असं म्हणत्यात," शिपाई म्हणाला. "मागल्या म्हयन्यात एक जण असाच अडलेली बाई घिऊन आलता. पडद्यामागं निघाला जोंधळा."

"मग उचल पडदा, आन् बग!"

शिपायानं कानाला हात लावले. बायकांच्या गाडीचा पडदा परक्या पुरुषानं उचलायचा, हे त्याच्या घरी कुणी शिकवलं नव्हतं. मुन्शी येईल, तो बघेल, तोवर थांबा. शांतलिंग थांबला. आतून कण्हणं ऐकू येत होतं तोवर तो थांबला. मग ते कण्हणंही बंद झालं आणि इरम्माचा आवाज आला, "अवो, ही बोलंना. डोळं फिरवाय लागली."

शांतलिंगानं मोटार मागं घेतली. "चल गं माय," एवढंच तो म्हणाला आणि सरळ वाशावर घातली. वासा कडाडून खांबातून निखळला, बंपरावर घासत थोडा फरफटत आला आणि रस्त्याकडेला जाऊन पडला. मागं शिपाई बोंबलत होता. नंबराच्या पाटीवर बोटभर धूळ, आणि धूळ नसती तरी त्या शिपायाला आकडे कुठं वाचता येत होते?

बार्शीच्या दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात पोरगी झाली. बाळ ठणठणीत रडलं. पण शिवगंगेच्या अंगातलं रक्त निम्मं मोटारीत सांडलं होतं आणि संध्याकाळपर्यंत तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, हलवायचं नाही, सोमवारपर्यंत ताप उतरला तर घरी न्या. शिवगंगेनं बापाचा हात सोडला नाही.

"अप्पा, मला हितं ठिवू नगा. ह्या परक्या गावात मला भ्या वाटतंय. घरी न्या."

"सोमवारी येतो, बाळ. मालक सकाळी येत्याल, त्यांना सांगतो आन् त्यांचीच मोटार घिऊन येतो."

"नक्की?"

"नक्की. फाटकात भोंगा वाजवतो. तो ऐकलास की समज, अप्पा आला."

इरम्मा तिच्यापाशी राहिली. शांतलिंग शनिवारी सकाळी नाका टाळून ओढ्यांतून, शेतांतून, गाडीवाटेनं परत आला. जन्मभर बैलगाडी हाकलेली, वाटा सगळ्या पायाखालच्या.

छपराखाली मोटार लावून त्यानं पुढं जाऊन बंपर पाहिला. एके काळी त्या बंपरावर निकेलचा मुलामा होता. तो उडाल्यावर मालकांनी त्याला काळा रंग देऊन घेतला होता. त्या काळ्या रंगात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे, एक तर नख बुडेल एवढा खोल. उजवं टोक आत वाकलेलं. आणि ओरखड्यांत सगळीकडं लाल रंग बसलेला, नाक्याच्या वाशाचा. कुंकू सांडावं तसा तो लखलखीत दिसत होता.

दुपारी चहाच्या दुकानात त्याच्या कानावर आलं. नाका तोडून धान्य नेलं म्हणून पोलिसांचे अमीन गावातल्या मोटारी तपासत होते. वाशाला काळा रंग लागलाय, तेव्हा मोटारीला लाल लागलेला असणारच, असा त्यांचा हिशेब. गावात मोटारी होत्या किती? पाच नाहीतर सहा. त्यातली आडत्याची एकच. घरी येतो तोच अमीनांचा जवान दारात उभा. "सावकार सोमवारी येतेत ना? मग साब सोमवारी येतील गाडी बघायला. मालक नसताना त्यांच्या मालाला हात लावणं साबला पसंद न्हाय."

तो गेला तशी शिवम्मानं दार लावलं.

"खरं सांगून टाक की रं. लेक अडली हुती म्हणून."

"कोण इस्वास ठिवंल, अक्का? शिपाई काय म्हणाला ते सांगितलं न्हवं तुला? अडलेली बाई म्हंजी जोंधळा, आसं झालंय तितं. पयलं हवालातीत टाकत्याल, मग चौकशी. आन् सोमवारी बार्शीला कोण जाईल? तिला म्या सबूद दिलाय."

जेलला तो भीत नव्हता. पोरीला सोमवार सांगितला होता, त्याला भीत होता. सोमवारी अमीन येऊन, बघून, निघून गेले पाहिजेत, म्हणजे दुपारी मोटार बार्शीच्या वाटेला लागेल. एवढंच त्याला हवं होतं आणि त्यासाठी तो बंपर कोरा व्हायला हवा होता.

मग सुरू झाला तो खटाटोप. नटं सोडवून त्यानं बंपर काढला आणि मागल्या परसात नेला. वाकलेल्या टोकाखाली लाकडाचा ओंडका ठेवून वर गोणपाट टाकलं आणि हातोड्यानं ठोकायला लागला. आवाज जाऊ नये म्हणून शिवम्मा शेजारी उखळात मिरच्या कुटत बसली. तो ठोकायचा तसं तीही मुसळ घालायची. खोकून खोकून दोघांचे डोळे लाल. टोक सरळ झालं, अगदी पहिल्यासारखं नाही, पण डोळ्यात भरणार नाही इतपत.

लाल रंग मात्र निघता निघेना. पॉलिश कागद लढाईपायी बाजारात मिळत नव्हता. विटेची भुकटी करून काथ्यानं घासलं. नदीची वाळू लावून घासलं. खोल ओरखड्यातला लाल काढायला शेवटी त्यानं दाभण घेतलं आणि दातातलं काहीतरी काढावं तसा कणकण कोरत बसला. बोटांची सालं निघाली. मध्येच तो थांबायचा, बंपर उन्हात तिरका धरून बघायचा, आणि कुठंतरी पुन्हा एक लाल ठिपका दिसायचा. "मर की रं आता!" असं तो त्या ठिपक्याला म्हणाला आणि त्याला रडूच कोसळलं. शिवम्मानं मिरचीचा हात पदराला पुसून त्याच्या पाठीवर ठेवला.

"रडतोस काय बाईवानी? आण हिकडं, म्या घासते."

काळा रंग कुठून आणायचा? दुकानात जाऊन काळा रंग मागायचा म्हणजे अमीनांच्या घरी जाऊन कबुली देण्यासारखं. पण गाडीवानाला जवसाचं तेल ठाऊक असतं. शिवम्मानं आतल्या खोलीत पाच-सहा पणत्या लावल्या, वर मातीचे परळ उपडे घातले आणि मध्यरात्रीपर्यंत काजळ धरलं. शांतलिंगानं जवसाच्या तेलात मुरदाडशिंग टाकून ते चुलीवर कढवलं. मुरदाडशिंगानं तेल लवकर वाळतं, हे त्यानं चाकं रंगवताना पाहिलेलं होतं. काष्ठौषधीच्या दुकानात ते मिळतं आणि ते मागणाऱ्याकडं कुणी संशयानं बघत नाही. खडूची पूड तेलात मळून लांबी केली आणि खोल ओरखड्यात अंगठ्यानं दाबून भरली. शिंदीची काडी ठेचून तिचा कुंचला केला. अख्ख्या बंपराला हात दिला, म्हणजे एकच जागा नवी दिसू नये.

तोवर शिवम्मानं मोटारीचं आतलं बघितलं होतं. मागच्या गादीवरचा खाकी अभ्रा रक्तानं कडक झालेला. तिनं तो काढला, पापडखारात उकळला, दगडावर आपटला, पुन्हा उकळला. खालची वाकळ चुलीत गेली. गादी, पाय ठेवायची जागा, दाराची कड, सगळं तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढलं. शिवम्मानं आयुष्यात कधी काही अर्धवट धुतलं नव्हतं.

रविवारी बंपर परसात उन्हाला ठेवला. शेजारची द्वारकाबाई भिंतीवरून डोकावली. "काय गं शिवम्मा, काय वाळत घातलंयस?"

"कुरडया," शिवम्मा म्हणाली. आणि खोटं पडू नये म्हणून बाईनं खरंच चीक शिजवला आणि बंपराच्या चहूबाजूंनी कुरडया घातल्या.

उन्हं कडक होती, तरी तेल ते तेल. वरून बघावं तर रंग सुकल्यासारखा, बोट टेकवलं तर बोटाला चिकटायचा. शांतलिंग दर थोड्या वेळानं जाऊन बोट लावायचा आणि शिवम्मा ओरडायची, "आरं, हात लावून लावूनच ओला ठिवतोस त्याला!" खरी गोष्ट अशी की त्यानं रंगाचा थर जरा जाड दिला होता. भीतीनं दिला होता. लाल परत वर येईल, असं त्याला सारखं वाटत होतं.

सोमवार उजाडला. रंग अजून पुरता धरला नव्हता, पण थांबायला वेळ कुठं होता? त्यानं टोकांना फडकी धरून बंपर जपून बसवला, नटं आवळली, चार पावलं मागं सरून पाहिलं. काळाभोर. ओरखडा नाही, लाल नाही. सिताबाईनं बाळ आडवं आहे म्हटल्यापासून पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला.

"अक्का, म्या अड्ड्यावर जातो, मालकांना घिऊन येतो. गाडीच्या जवळ कुणाला येऊ दिऊ नगंस."

"न्हाय येऊ देत. तू जा."

अड्ड्यावर कल्याणप्पा उतरले. वाटेनं चालता चालता शांतलिंगानं त्यांना शिवगंगेचं अडणं, बार्शी, पोरगी झाली, इथवर सांगितलं. नाक्याचं सांगणार, तेवढ्यात त्याचं घर आलं, आणि अंगणातल्या बाजेवर अमीनसाहेब बसलेले.

"तकलीफ माफ करा, सावकार," ते उठून म्हणाले. "सगळ्यांच्या गाड्या बघितल्या, तुमचीच राहिली."

"बघा की, साब. आमचं काय लपवाय हाय?" कल्याणप्पा म्हणाले. ते खरंच तसं समजत होते.

शांतलिंगानं छपराखाली पाहिलं. काळ्याभोर बंपरावर, बरोबर मध्यभागी, विभूतीची तीन पांढरीशुभ्र बोटं. सोमवार! शिवगंगेचा सोमवार, मालकांचा सोमवार, अमीनांचा सोमवार, सगळे त्याच्या डोक्यात होते. शिवम्माचा सोमवार तेवढा तो विसरला होता. दारात शिवम्मा ओल्या केसांनी उभी होती. त्याची नजर कुठं लागलीय ते बघून तिनं आपल्या बोटांकडं पाहिलं. बोटं काळी होती. तिनं हात पदराखाली घेतला.

अमीनसाहेब मोटारीभोवती फिरले. वाकून चाकं पाहिली, बंपर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं पाहिला. विभूतीशी आल्यावर मात्र सभ्यपणानं मागं सरले. दुसऱ्याच्या पूजेला हात कसा लावायचा? "ठीक आहे," ते म्हणाले. "बेकार तुम्हाला ताटकळत ठेवलं." आणि ते फाटकाकडं वळले.

शांतलिंग त्यांच्या पाठीकडं बघत राहिला. गेले. चालले. आता पेट्रोल भरायचं, दुपारच्या आत बार्शी.

"चल रं, आधी मला घरी सोड," कल्याणप्पा म्हणाले, "आन् मग तसाच पोरीकडं जा." असं म्हणत ते नेहमीसारखे वाकले. तीन बोटं विभूतीवर टेकवली. शांतलिंग हात पुढं करून धावला, पण उशीर झाला होता. मालकांनी ती बोटं डोळे मिटून कपाळावर ओढली आणि म्हणाले, "शरणबसप्पा!"

अमीनसाहेब सलाम करायला फाटकात वळले होते. त्यांचा हात तसाच राहिला. सावकारांच्या कपाळावर तीन काळेकुट्ट पट्टे होते.

ते परत आले. बंपराला बोट लावलं, नाकाशी नेलं. "जवस. ताजं आहे." मग नखानं खरवडलं, लांबीचा पांढरा थर निघाला, आणि त्याच्या खाली, दाभणानं कोरून कोरूनही राहिलेला, मोहरीएवढा लाल कण.

"सावकार, रंग कधी दिलात?"

"म्या? म्या तर गुलबर्ग्याला हुतो." कल्याणप्पा गोंधळून गेले. कपाळाला काय लागलंय हे अजून त्यांना कळलं नव्हतं.

"तुम्ही गुलबर्ग्याला, आणि जोंधळा बार्शीला. चांगला बंदोबस्त केलात. दुकानाच्या चाव्या मागवा."

"साब!" शांतलिंग पुढं झाला. "मालकांना ह्यातलं कायबी ठावं न्हाय. गाडी म्या नेली, नाका म्या तोडला. जोंधळा नव्हता साब, माझी लेक हुती. अडली हुती. रक्तानं गादी भिजली हुती."

अमीनांनी मागचं दार उघडलं. गादीवर हात फिरवला. अभ्रा स्वच्छ, कोरा, पापडखाराचा वास येणारा. सगळ्या मोटारीत रक्ताचा ठिपका नव्हता.

"कुठं आहे रक्त?"

"म्या धुतलं!" शिवम्मा दारातून किंचाळली. "ह्या हातानं धुतलं, साब! दोन डाव उकळलं! तुमी बघू नये म्हणून धुतलं!" आणि ती काळी झालेली बोटं दाखवत ती खालीच बसली.

अमीन माणूस वाईट नव्हते. "बाई खोटं बोलतेय असं वाटत नाही. पण वाटण्यावर मला अहवाल देता येत नाही. बार्शी आमच्या हुकुमाखाली नाही. तिथनं कुणी येऊन सांगितलं, तर सोडीन."

"साब, आजचा दिस सोडा," शांतलिंगानं त्यांचे पाय धरले. "उद्या सोता येऊन हवालातीत बसतो. पोरगी वाट बगतीया. आज सोमवार हाय, साब!"

सोमवार असल्यानं काय होतं, हे अमीनांना कसं कळावं?

कल्याणप्पांनी लगोलग आपल्या दिवाणजींना येडशीच्या गाडीनं बार्शीला धाडलं. शांतलिंग कचेरीच्या कोठडीत गजांना धरून उभा राहिला. बाहेरून एखादी सर्व्हिस मोटार जायची, तिचा भोंगा वाजायचा, आणि तो कपाळ गजांवर आपटायचा. उन्हं कलली. मग अंधारलं. सोमवार गेला.

मंगळवारी दुपारी कचेरीच्या ओट्यावर इरम्मा येऊन उभी राहिली. मागं दिवाणजी, मान खाली घातलेले. इरम्माच्या पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. अमीनसाहेब खुर्चीतून उठले.

इरम्मानं ते गुंडाळलेलं त्यांच्यापुढं धरलं. "हे बगा साब," ती म्हणाली, "आमी बार्शीला नेल्याला जोंधळा."

बाळानं डोळे उघडले होते. अमीनांनी त्याच्याकडं पाहिलं, मग इरम्माच्या मागं पाहिलं. तिथं आणखी कुणी बाई नव्हती.

"हिची आई?"

"काल दिवं लागायच्या येळंपत्तुर वाट बगत हुती," इरम्मा म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणीही नव्हतं. "भोंगा वाजला का गं आई, भोंगा वाजला का, यवढंच इचारायची. मग इचारायची थांबली. तितल्याच जंगमांनी माती दिली."

कोठडीत शांतलिंगानं हे सगळं ऐकलं. दार उघडलं तरी तो बाहेर येईना. इरम्मानंच आत जाऊन पोर त्याच्या हातात दिली. त्याच्या नखांत अजून काजळ होतं.

अमीनांनी प्रकरण तिथंच मिटवलं. कल्याणप्पांनी आपल्या वखारीतला एक सागवानी वासा नाक्यावर पोचता केला. शांतलिंगाला त्यांनी शब्दानं बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाले, "वाटंत सगळं सांगायचं हुतंस रं मला. म्या बोट लावलं नसतं."

शिवम्मानं मात्र त्या दिवसापासून मोटारीजवळ पाय ठेवला नाही. सोमवारी उंबऱ्याला, जात्याला, चुलीला विभूती लावायची आणि तिथंच बसून राहायची. असे दोन-तीन सोमवार गेले. मग एका सोमवारी शांतलिंग तिच्यापाशी आला, तिच्या हातातली विभूती घेतली आणि स्वतः जाऊन बंपरावर ओढली. रंग तोवर दगडासारखा वाळला होता, पण तिच्या बोटांच्या तीन चऱ्या त्यात तशाच राहिल्या होत्या. त्यानं त्या चऱ्यांतूनच बोटं फिरवली. पुढं मालकांनी कितीदा सांगितलं, की सोलापूरला नेऊन बंपर नवा रंगवून आण. त्यानं आणला नाही.

नातीचं नाव त्यांनी शिवगंगाच ठेवलं. ती शेळीच्या दुधावर वाढली, चालायला लागली, बोलायला लागली. तोवर लढाई संपली, मागून निजामाचं राज्यही गेलं, नाकाही उठला. शांतलिंगानं एक गोष्ट मात्र सोडली नाही. दर सोमवारी दिवे लागायच्या आधी तो छपराखालच्या मोटारीत जाऊन बसायचा आणि भोंग्याचा रबरी फुगा एकदा दाबायचा. द्वारकाबाई म्हणायची, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. इरम्मा त्या वेळी घरात थांबत नसे, आडावर निघून जायची.

भोंगा वाजला की घरातून शिवगंगा धावत यायची. आपल्यालाच बोलावलं, असं तिला वाटायचं. तो दार उघडून तिला शेजारी बसवून घ्यायचा आणि म्हणायचा, "आलो बग, बाळ."